रायाजी बिबट्याची हलकी बंदूक

एका जंगलात, जिथे वाटा पायांनी पडत आणि अर्ज मात्र तीन प्रतींत द्यावे लागत, तिथे यमुनाक्का राहत असे.

मुलांनो, यमुनाक्का जातीने भेकर होती. भेकर म्हणजे एक बुटकं हरीण. अंगाने शेळीएवढं, पण आवाज कुत्र्यासारखा. यमुनाक्काचे कान फार तिखट होते. ओढ्यापलीकडे बिबट्याने जांभई दिली तरी तिला कळे. मग ती "भॉक!" करून भुंके. लगेच चितळं पळत, सांबरं पळत, रानडुकरं पळत, आणि सगळे पळाले की शेवटी यमुनाक्का पळे. सगळं जंगल तिच्या कानांवर जगत होतं. तिला त्याचा थोडा गर्वही होता. पण कोण म्हणेल, नसावा?

त्याच जंगलात रायाजी नावाचा बिबट्या होता. त्याचं वय झालं होतं. दबा धरून बसला की यमुनाक्का भुंके, आणि पळून पकडायचं तर त्याला धाप लागे. दोन वर्षांत त्याच्या हाती एक आजारी ससा आणि बरेचसे खेकडे एवढंच लागलं होतं.

एके दिवशी भर दुपारी यमुनाक्का करवंदीच्या जाळीत पाला खात होती. वाऱ्याच्या आवाजात तिला चाहूल लागली नाही. समोरची पानं बाजूला झाली आणि रायाजीचं तोंड बाहेर आलं. तोंडात कागद होता.

यमुनाक्काने भुंकायला तोंड उघडलं.

"अक्का, भुंकू नका," रायाजीने कागद खाली ठेवला. "सही पाहिजे."

यमुनाक्काचा एक पाय हवेतच राहिला. "कसली सही?"

"बंदुकीच्या परवान्यावर. शिकारीची रायफल घेतोय. गव्याच्या कचेरीत अर्ज द्यायचाय. परिसरातल्या एका प्रतिष्ठित रहिवाशाने लिहून द्यावं लागतं, की अर्जदार सालस आहे आणि त्याच्यापासून कोणाला धोका नाही."

"पण धोका आहे ना!"

"तो परवाना मिळाल्यावर. अर्ज करताना नाही."

"मग माझीच सही का? इतके लोक आहेत."

"त्यांच्याकडे गेलो होतो," रायाजी खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही भुंकलात."

यमुनाक्काने कागदावर नजर टाकली. तिने अर्ज सगळा वाचला, कारण वाचल्याशिवाय सही करायची नाही हे तिला आईने शिकवलं होतं. 'हत्याराचा प्रकार' या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

"हे कोरं आहे," ती म्हणाली. "कोऱ्या कागदावर मी सही करत नाही. आधी कुठली बंदूक ते ठरवा."

"बरोबर आहे तुमचं," रायाजी म्हणाला. त्याने कागद उचलला आणि तो निघून गेला.

यमुनाक्कापासून सहा पावलांवर बिबट्या आला होता आणि न खाता परत गेला होता. असं तिच्या घराण्यात कोणाच्या बाबतीत घडलं नव्हतं. संध्याकाळी तिने कचेरीत जाऊन चौकशी केली. गव्याने रवंथ करत सांगितलं, "अर्ज हातात घेतल्यापासून निकाल लागेपर्यंत, आणि परवाना मिळाला तर तो परत करेपर्यंत, अर्जदाराने खेकड्यांखेरीज कोणावरही नखं आणि दात वापरायचे नाहीत. वापरले तर अर्ज बाद."

यमुनाक्का घरी परतताना विचार करत होती. बंदूक ठरेपर्यंत रायाजी कोणाला मारणार नाही. मग बंदूक ठरली नाही तर?

तिला एकदम हसू आलं. इतकं सोपं!

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन रायाजीकडे गेली. "सही मला करायची आहे. तेव्हा बंदूक मीही बघणार."

"उत्तमच झालं," रायाजी म्हणाला. "मला त्यातलं काही कळत नाही."

पिंपळाच्या ढोलीत साळींदर शेठचं दुकान होतं. पाठीवर जन्मतःच इतके भाले असल्यामुळे त्याने दुसरा धंदा कधी शोधलाच नाही. दुकानात तरसे मास्तर नेहमी बसलेले असत. ते जातीचे तरस. आयुष्यभर दुसऱ्यांनी मारलेलं खाल्लेलं, स्वतः एकही शिकार केलेली नाही. म्हणून शिकारीच्या बाबतीत सगळे त्यांचाच सल्ला घेत.

शेठने आधी एक दुनळी बंदूक काढली. रायाजीने ती उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"जड आहे. डोंगर चढायचा असतो हो."

"मग ही बघा." शेठने दुसरी काढली. "हलकी, अर्धस्वयंचलित. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप वर चढते. तुम्ही फक्त दर खेपेला घोडा दाबायचा."

"म्हणजे अर्धं काम ही करते?" यमुनाक्काने विचारलं.

"हो बाई."

"आणि उरलेलं अर्धं?"

"नेम, धीर, पाठलाग, पाप वगैरे. ते गिऱ्हाइकाचं."

रायाजी खूश झाला. "हीच घेतो."

यमुनाक्काने कान टवकारले. पहिल्याच दिवशी ठरली तर सगळंच संपलं! इतक्यात कोपऱ्यातून तरसे मास्तर पुटपुटले, "हलकी बंदूक खांद्याला लाथ मारते."

"ऐकलंत?" यमुनाक्काने तो शब्द वरचेवर झेलला. "रायाजी, तुमचं वय काय, तुमचा खांदा काय! लाथ सोसवेल का?"

रायाजीने खांदा चोळून पाहिला. त्याला तो आधीच दुखल्यासारखा वाटला.

शेठने दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, मागे रबराची जाड गादी बसवून दिली. त्याने लाथ कमी झाली, पण वजन वाढलं. वजन वाढलं म्हणून लाकडी दस्ता काढून प्लास्टिकचा लावला. तो थंडीत गालाला गार लागेल, असं यमुनाक्का म्हणाली. मग दस्ता पोकळ लाकडाचा केला, तेव्हा बंदुकीचा तोल पुढे गेला. तोल साधायला नळी आखूड केली. आखूड नळीचा आवाज फार मोठा होतो, असं तरसे मास्तर म्हणाले. पण रायाजी म्हणाला, आवाजाचं काय, तो ज्याला मारायचंय त्यानं ऐकायचा. मग एकदा लक्षात आलं की रायाजी डावखुरा आहे आणि या बंदुकीतून गोळीची रिकामी, तापलेली पुंगळी उजवीकडून उडते, म्हणजे थेट त्याच्या मिशांवर. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

करवंदं पिकली आणि संपली. जांभळं आली आणि गेली. जंगलात त्या वर्षी इतकी पाडसं जगली की गवत पुरेना. चितळं उघड्या माळावर पाय पसरून झोपू लागली.

एकट्या भुजंगराव सांबराला हे पसंत नव्हतं. भुजंगराव कळपाचा मोठा होता. शिंगं मोठी, आवाज मोठा, आणि तत्त्वं तर त्याहून मोठी.

"यमुने, तू शत्रूबरोबर दुकानात जातेस!" तो भर पाणवठ्यावर म्हणाला. "मी निषेधाचा ठराव मांडणार."

"मांडा की, भुजंगदादा. पण तुमच्या ठरावाने एक तरी गोळी अडली आहे का? मी पाच महिने अडवली आहे."

"आज ना उद्या ठरेलच ती."

"ठरू द्यायची की नाही, ते माझ्या हातात आहे."

असं ती म्हणाली खरी. पण मुलांनो, रोज एखाद्या गोष्टीत नाक खुपसलं की नाकाला तिचा वास लागतो. यमुनाक्काला आता नळ्यांची नावं पाठ झाली होती. झोपेत ती ग्रॅम मोजत असे. तरसे मास्तर तिला "बाईंचं काय मत?" असं विचारू लागले होते, आणि तो प्रश्न ऐकला की तिला फार बरं वाटे.

एकदा तर कंटाळलेला रायाजी म्हणाला, "अक्का, जाऊ दे. जी आहे ती घेऊन टाकतो. भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येते."

"छे छे! ही नको," यमुनाक्का म्हणाली. "हिचा घोडा किती ताठ आहे!"

घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हे आपण वेळ काढायला बोललो नाही. घोडा खरंच ताठ होता. ती बंदूक तिला खरंच आवडली नव्हती.

तिने तो विचार झटकला आणि कूस बदलली.

अखेर एक दिवस शेठने फडक्यात गुंडाळलेली एक बंदूक समोर ठेवली. पोकळ अक्रोडी दस्ता. आखूड नळी. पुंगळी डावीकडून उडणारी. घोडा लोण्यासारखा. वजन भरलं सव्वादोन किलो. यमुनाक्काने नाकाने तिचा तोल पाहिला. बंदूक नाकाच्या शेंड्यावर आडवी राहिली, इकडे नाही की तिकडे नाही.

यमुनाक्काचे डोळे भरून आले. दोष शोधायचा असतो हे ती विसरूनच गेली.

"हीच," ती म्हणाली. तिने अर्ज मागून घेतला आणि 'अर्जदार सालस असून त्याच्यापासून कोणालाही धोका नाही' याच्याखाली ठसठशीत सही केली.

आठवड्याने परवाना आला. माळावर बंदुकीची चाचणी ठरली. यमुनाक्का गेली, शेठ गेला, तरसे मास्तर गेले. चितळं लांब उभी राहून बघू लागली. माळाच्या पार त्या टोकाला भुजंगराव एकटा उभा राहिला आणि मोठमोठ्याने निषेधाचा ठराव वाचू लागला. बाकी कोणी त्याच्याजवळ गेलं नाही.

रायाजी पुढे आला. सात महिने खेकड्यांवर काढल्यामुळे त्याच्या अंगावर ठिपके तेवढे उरले होते. त्याने बंदूक उचलली. नळी खाली गेली. त्याने पुन्हा उचलली. नळी पुन्हा खाली गेली. तिसऱ्या वेळी तो बंदुकीसकट खाली बसला आणि त्याला रडू आलं.

"अक्का, मला ही जड होते."

"जड?" यमुनाक्का ताडकन म्हणाली. "जंगलातली सगळ्यात हलकी बंदूक आहे ती! शब्द मागे घ्या."

"खोटं कशाला बोलू? पेलवत नाही मला."

यमुनाक्काला वाईट वाटलं. रायाजीचं नाही, बंदुकीचं. सात महिन्यांची मेहनत, आणि लोक आता म्हणणार, यमुनाक्काने निवडलेली बंदूक जड निघाली!

"नळी टेकायला एखादा खांदा मिळाला तर काम होईल," शेठ सहज बोलावं तसं म्हणाला.

यमुनाक्काने बंदुकीकडे पाहिलं. नळीच्या समोर माळ होता, माळावर भुजंगराव होता. दस्त्यामागे रायाजी होता. आणि खांद्याची जागा नळीच्या तोंडाच्या मागे आणि दस्त्याच्या पुढे होती. तिथे उभ्या असलेल्याला गोळी लागणं शक्यच नव्हतं. सगळ्या जंगलात एवढी सुरक्षित जागा दुसरी नव्हती.

हे तिला फार चटकन सुचलं. ती पुढे झाली आणि खांदा दिला.

"यमुने!" भुजंगराव ओरडला. "यमुने, अगं..."

बार झाला. आखूड नळीचा तो आवाज यमुनाक्काच्या कानाला लागून फुटला. तिने पाहिलं, तेव्हा भुजंगराव गुडघ्यांवर आला होता आणि त्याचं तोंड अजून हलत होतं. शब्द मात्र येत नव्हते. नंतर तोंडही थांबलं. लहानपणी याच भुजंगरावाने तिला ओढा पार करायला शिकवलं होतं. ते तिला आठवलं. आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, नेम किती सरळ गेला. त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने डोळे मिटून घेतले.

बंदुकीत दुसरी गोळी आपोआप वर चढली होती.

दुसऱ्या दिवशी रायाजीच्या गुहेसमोर रांग लागली. चितळं होती, रानडुकरं होती, नीलगायी होत्या. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "साहेब, आमचाही खांदा घ्या." तरसे मास्तरांनी पाळ्या लावून दिल्या. ज्याची पाळी त्याचा खांदा. ज्यांनी नाव दिलं नव्हतं ते समोर. समोरचे संपत आले तशी रांग वाढत गेली. रायाजीच्या अंगावर मांस चढलं. कातडी पुन्हा चमकू लागली. धाप गेली.

आणि ज्यांनी ज्यांनी खांदा दिला, त्यांना त्यांना ऐकू येईनासं झालं.

त्याची कोणी तक्रार केली नाही. केली असेल तर कोणाला ऐकू गेली नाही.

मग एके सकाळी रायाजी बंदूक घेऊन शेठच्या दुकानात गेला. "परत घ्या," तो म्हणाला.

"का हो? काही दोष निघाला?"

"दोष काही नाही. गुणी आहे. पण आता उगाच ओझं कशाला वागवायचं?"

परवानाही त्याने कचेरीत जमा केला. गव्याने शिक्का मारला. नखांवरची बंदी उठली.

त्या दुपारी यमुनाक्का करवंदीच्या जाळीत पाला खात होती. हल्ली तिला सगळं फार शांत वाटे. पूर्वी रात्रंदिवस कान उभे ठेवावे लागत. आता पान हलत नव्हतं, फांदी मोडत नव्हती, कोणी जांभई देत नव्हतं. जंगल सुधारलं, असं तिचं मत झालं होतं.

तिच्यामागे चार पावलांवर रायाजी उभा होता. जुनी ओळख होती. सही दिलेली, खांदा दिलेला. त्याला जरा संकोच वाटला.

"यमुनाक्का," त्याने हाक मारली.

ती पाला खात राहिली.

दुसऱ्यांदा त्याने हाक मारली नाही.

तात्पर्य : बंदूक घेणे झाल्यास नेहमी हलकीच निवडावी, म्हणजे खांदा देणाराला तिचे ओझे वाटत नाही.