शिंग उजवं, बाजू डावी

शिकारीचे नियम मला पाठ आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांच्यापेक्षा मला ते जास्त कळतात, असं मी आमच्या टॅमरॅक फॉल्स गावात कुणालाही छातीठोकपणे सांगतो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी थोडी तरी दया येईल.

तर आमच्याकडचा तेव्हाचा नियम असा. डिसेंबरात एकाच जंगलात, एकाच आठवड्यात दोन जातीचे शिकारी हिंडतात. एक धनुष्यवाले, दुसरे आम्ही ठासणीच्या बंदुकीवाले. धनुष्यवाल्याने बिनशिंगी हरीण, म्हणजे मादी, मारली तर चालतं. आम्ही मारली तर गुन्हा! आम्हाला फक्त शिंगवाला नर. का? तर म्हणे, बाण मारणं अवघड, म्हणून त्यांना सवलत. अहो, मग ठासणीची बंदूक काय सोपी आहे? दारू भरा, गोळी ठासा, टोपी बसवा, आणि गारठ्याने दारू सर्दावली की घोडा पडल्यावर नुसतं फुस्स! हरीण मान वळवून तुमच्याकडे असं बघतं, जसा सासरा बेकार जावयाकडे बघतो. आणि समजा, गोळी लागलीच, तर त्या मादीला काय फरक पडतो, बाणाने गेली की गोळीने? असले नियम करणारा माणूस शहरात गरम खोलीत बसलेला असतो आणि त्याने हरीण पाहिलेलं असतं ते नाताळच्या शुभेच्छापत्रावर.

हे सगळं मी रॉइसला दर वर्षी ऐकवतो. रॉइस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मार्लिसचा नवरा. पक्का धनुष्यवाला. मी त्याला सरकारचा लाडका म्हणतो. तो स्वभावाने गरीब, उलटून बोलत नाही. त्यामुळे मला आणखी चेव येतो.

गेल्या हिवाळ्यात मात्र चेष्टेची वेळ राहिली नव्हती. लाकूड कापायची गिरणी बंद पडली आणि रॉइस घरी बसला. घरी बसला म्हणून छपरावरचा बर्फ काढायला चढला, आणि बर्फाच्या आधी तोच खाली आला. खांदा निखळला, उजवा हात गळ्यात. घरात तीन मुलं. फ्रीझर इतका रिकामा की मार्लिसने तो बंद करून त्यात मुलांचे बूट ठेवले होते. आमच्याकडे हिवाळा निघतो तो हरणाच्या मांसावर. दुकानातलं मांस गिरणी चालू असताना खायचं. आता बघा हा न्याय. ज्याला मादी मारायचा हक्क, त्याला हात नाही. आणि ज्याला हात आहे, त्याला हक्क नाही! बरं, माद्या कुठे होत्या? माझ्या दारात! माझ्या सफरचंदाच्या झाडाची साल खात, जशा काही माहेरी आल्यात.

मी मार्लिसला शब्द दिला की नियमात राहून शिंगवाला नर आणून तिच्या ओसरीवर टाकीन.

"टाक दादा," ती म्हणाली. "फक्त हुशारी करू नकोस."

हंगामाचा शेवटचा दिवस उजाडला तरी नर दिसेना. रॉइस माझ्याबरोबर आला होता. घरी बसून बायकोची काळजी बघण्यापेक्षा जंगलात बसून माझी बडबड ऐकलेली बरी, असं त्याचं म्हणणं. दुपार कलली आणि देवदारांच्या मागून नर आला. चांगला सहा टोकांच्या शिंगांचा! मी घोडा ओढला. बंदूक उडाली, धुराचा लोट उठला, आणि धूर निवळला तेव्हा नर बर्फात आडवा होता. मी त्याच्या कानाला परवान्याची चिठ्ठी बांधली आणि दोर काढला.

आमच्या बापजाद्यांनी हरीण शिंगांना दोर बांधूनच ओढलं. रॉइस म्हणाला, दोर मानेला बांध, डिसेंबर निम्मा सरला, नरांची शिंगं झडायची वेळ आली. मी त्याला सांगितलं की धनुष्यवाल्यांनी माद्यांबद्दल बोलावं, शिंगांचा अनुभव आम्हाला आहे. आणि जोर लावून ओढलं.

कट्!

मी पाठीवर, पाय आभाळाला, हातात दोर आणि दोराच्या टोकाला एक शिंग. हरीण जागच्या जागी. रॉइसने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते, पैकी एक दुखत होता, म्हणून तो हसतही होता आणि कण्हतही होता.

मी शिंग कोटात घातलं आणि मुकाट्याने दोर मानेला बांधला. पण पुढे उतार होता. उतारावर हरणाला आमच्यापेक्षा घाई. ते मला मागे टाकून सुसाट निघालं, एका भूर्जाच्या बुंध्यावर आदळलं, दोनदा उलटलं आणि थांबलं. खाली जाऊन बघतो तर दुसरं शिंगही गायब. कमरेएवढ्या बर्फात आम्ही उकरलं, पायांनी चाचपलं. सुई सापडली असती, पण शिंग नाही.

आता माझी परिस्थिती समजून घ्या. बिनशिंगी हरीण धरणं ज्या माणसाला गुन्हा, त्याच्यासमोर बिनशिंगी हरीण! परवाना जाणार, मांस सरकारजमा होणार, आणि मार्लिसच्या फ्रीझरमध्ये बूटच राहणार. आणि तेवढ्यात खालच्या वाटेवर स्नोमोबाइलची, म्हणजे बर्फावरच्या गाडीची, घरघर ऐकू आली. शिकारखात्याची अधिकारी, बर्नाडेट ओया. ही बाई हरणाच्या लेंड्या बघून शिकाऱ्याचं नाव सांगते.

रॉइस म्हणाला, जे झालं ते सांगून टाक. खरं सांगायचं? सरकारी माणसाला? मी इकडे-तिकडे पाहिलं. रॉइसच्या गळ्यातली झोळी जाड चिकटपट्टीने बांधलेली होती. मी ती फर्रकन ओढून काढली. रॉइस असा ओरडला की झाडांवरचा बर्फ पडला. मी कोटातलं शिंग हरणाच्या डोक्यावर धरलं आणि पट्टी लावली. केसांना पट्टी चिकटेना, म्हणून जबड्याखालून वेढे दिले. वरून गाठ मारली. लांबून बघितलं. दाढदुखीने बेजार झालेल्या माणसासारखं दिसत होतं, पण शिंग होतं.

ओयाबाई आल्या. गाडी बंद केली. हरणाभोवती एक फेरी मारली.

"हार्लन," त्या म्हणाल्या, "हे शिंग उजवं आहे. तुम्ही डावीकडे लावलंय."

मी पट्टीची गाठ उगाच चाचपली. आणि माझ्या जागी, लोंबता हात दुसऱ्या हाताने सावरत, रॉइस बोलला.

"हरीण माझं आहे बाई. बिनशिंगीच आहे. माझ्याकडे धनुष्याचा परवाना आहे, मला चालतं."

"मारलंत कशाने?"

"बाणाने."

"कुठल्या हाताने?"

रॉइसने आपल्या हाताकडे पाहिलं. जन्मात खोटं न बोललेला माणूस तो, त्याला दुसरी पायरी कुठून माहीत असणार.

"धनुष्य दातांनी ओढलं," तो म्हणाला.

बंदुकीच्या दारूचा वास अजून माझ्या कोटाला येत होता. हरणाच्या कानाला माझ्या नावाची चिठ्ठी होती. आणि ज्याला मी वर्षानुवर्षं सरकारचा लाडका म्हणून टोचलं, तो स्वतःचा परवाना माझ्यासाठी पणाला लावून दातांनी धनुष्य ओढत उभा होता. माझ्याने राहवेना. मी सगळं सांगून टाकलं: दोर, उतार, भूर्ज, पट्टी, सगळं. एवढंही सांगितलं की काय करायचं ते मला करा, पण मांस बहिणीच्या घरी जाऊ द्या.

ओयाबाई गुडघ्यावर बसल्या, पट्टी सोडवली आणि हरणाच्या कपाळावर बोट फिरवलं. तिथे दोन गोल, ओल्या, लालसर खुणा होत्या.

"आजच गळालीत," त्या म्हणाल्या. "गोळी लागली तेव्हा शिंगं होती. नियम तेवढंच बघतो. शिंग खिशात ठेवून सरळ माझ्या गाडीशी आला असतात, तर मी रामराम करून पुढे गेले असते. नियमांच्या पुस्तकात लिहिलंय हे."

मी म्हणालो की ते पान मी वाचलेलं नाही, कारण ते शिंगं झडलेल्या नरांबद्दल होतं आणि मी झडलेली शिंगं मोजत नाही.

शिंग चिकटवून फसवायला निघाल्याबद्दल त्यांनी मला असं झापलं की भूर्जाची साल सुटावी. मग रॉइसची झोळी स्वतः नीट बांधली, माझ्याकडे न बघता. हरीण त्यांच्याच गाडीला बांधून खाली आणलं. त्या संध्याकाळी मार्लिसने फ्रीझरमधले बूट काढले आणि त्याचं बटण लावलं. फ्रीझर गुरगुरायला लागला तेव्हा तिने त्याच्यावर हात ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

इथेच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण वसंतात शिकारखात्याच्या मंडळापुढे नियमांवर सुनावणी होती. मी रॉइसला घेऊन गेलो आणि भरल्या सभेत गरजलो. म्हटलं, एका जंगलात दोन न्याय कसे? हत्यार बघून हक्क कसा ठरतो? या माणसाकडे हक्क होता, हात नव्हता. माझ्याकडे हात होता, हक्क नव्हता. आणि तीन मुलं कुणाच्याच हिशेबात नव्हती! लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मंडळावरच्या एका म्हाताऱ्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, गृहस्थ म्हणतात ते खरं आहे, हा अन्याय आहे, दूर केलाच पाहिजे.

आणि त्यांनी तो दूर केला. यंदापासून आमच्या भागात सगळ्यांना एकच नियम: मादी कुणीच मारायची नाही. बंदूकवाल्यांनी नाही, धनुष्यवाल्यांनीही नाही.

रॉइसचा खांदा आता ठणठणीत आहे. धनुष्य कानापर्यंत ओढतो. माझ्याशी बोलतो, नाही असं नाही. मार्लिसने मात्र एवढंच सांगितलंय, "दादा, यापुढे आमच्यासाठी न्याय मागायला जाशील, तर आधी आम्हाला विचार."