तुतारदारानें चोवीस सिगारेटींस निरोप दिला ती हकीकत

गजवदन प्रसन्न असो, ऐकणाराचा कान शाबूत असो, आणि लिहिणाराची लेखणी खोट्यास न धजो. शके अठराशें पंधरा, विजय नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, घरोघर गुढ्या उभ्या राहिल्या, ते दिवसापासोन विजयादशमीपर्यंत जें घडलें तें येथें लिहिलें आहे. राज्याचें नांव लिहीत नाहीं. राज्य लहान, आणि लहान राज्यास राग लौकर येतो.

ते राज्यीं भिवजी शिंगाडे म्हणोन तुतारदार होता. सात पिढ्या तुतारी त्याचे घरीं. रीत ऐसी कीं दसऱ्यास देवीची पालखी सीमोल्लंघनास निघे, तेव्हां गडाचे थोरल्या दरवाजाचा आंतला उंबरा ते बाहेरला उंबरा हीं बावीस पावलें तुतारदारानें एका दमांत फुंकावीं, आणि जेथें दम तुटे तेथें भोयांनीं पालखी उभी करावी, पुढें पाऊल टाकूं नये. सात पिढ्यांत पालखी थांबली नव्हती ती मागले सालीं थांबली. पंधरावें पाऊल पडलें आणि भिवजीस ठसका लागला, आणि तुतारी म्हशीसारखी हंबरली, आणि मग तितकेंही होईना. भोई उभे, देवी दरवाजाचे अंधारांत उभी, मागें महाराज उभे, त्यांमागें हत्ती उभा, आणि साऱ्या राज्यास एका भिवजीचा खोकला तेवढा ऐकूं येत होता. पुन्हा दम घेऊन त्यानें पालखी बाहेर काढिली खरी, परंतु गेली अब्रू ती गेली. महाराज रागें भरले नाहींत. इतकेंच बोलिले, "भिवजी, पुढला दसरा पाहूं. न जमलें तर तुतारी भिंतीस टांगूं." भिवजी घरीं आला आणि तुतारी मांडीवर घेऊन ढसढसा रडला, आणि त्याची बाईल सगुणाबाई हिनें त्या दिवशीं चुलीस हात लाविला नाहीं.

कारण काय म्हणाल तर साऱ्यांस ठाऊक. फिरंगियांची सिगारेट नामें पांढरी कांडी ते राज्यीं आली, महाराजांनीं ओठीं लाविली, मग महाराज ओढिती म्हणोन कारभारी ओढूं लागले, कारभारी ओढिती म्हणोन देवडी ओढूं लागली, आणि भिवजी दिवसास चोवीस ओढूं लागला. चोविसांसही हुद्दे होते. एक पहाटेची, डोळा उघडतांच हजर. एक जेवणाउपरची. एक भांडणाची, एक भांडण मिटल्याची. आणि सात तर निव्वळ उगीचच्या, ज्यांस काम ना धाम. मागले कोजागिरीस भिवजीनें शपथ घेऊन सारा साठा विहिरींत टाकिला, आणि तिसरे दिवशीं तोच दोर आणि गळ घेऊन विहिरीवर वांकलेला लोकांनीं पाहिला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाहीं तो ऐसा.

मग पाडव्यास त्याचा जिवाचा स्नेही इमामभाई नगारची गूळ-लिंब खावयास आला, आणि म्हणे, "भिवबा, एवढी फौज एका दिवसांत मोडूं जाशील तर तीच तुजवर उलटेल. एकेकीस रजा दे. दरबारांत चाकरास निरोप देतात तैसा दे." भिवजीस ही मसलत मानवली. कां कीं त्या दरबारीं कोणी चाकर हांकून देत नसत. कितीही नालायक असो, शेवटले दिवशीं त्याची चाकरी वाखाणावी, हातीं निरोपाचा विडा द्यावा, आणि दारापर्यंत तीन पावलें पोंचवावें. आणि एकदां निरोपाचा विडा दिला म्हणजे त्यास पुन्हा चाकरीस ठेवणें खुद्द महाराजांचेही हातीं नव्हतें. ही रीत सात पिढ्यांहूनही जुनी.

तेव्हां दर सोमवारीं एक, ऐसा नेम ठरला. सोमवार उजाडला कीं भिवजी पागोटें बांधी, एक सिगारेट तबकांत ठेवी आणि हात जोडून म्हणे, "बाई, तुम्हीं फार चाकरी केली. आतां निरोप घ्यावा." मग विडा पुढें करी, तीन पावलें चुलीपर्यंत पोंचवी, आणि सगुणाबाई तिला चुलींत घाली. ते दिवसापासोन दिवसाची एक कमी, ती कायमची. शेजारीण पदर तोंडाशीं धरून हंसे. हंसो बापडी. पहिल्या सात सोमवारांत सातही उगीचच्या गेल्या, त्यामागें आणखी तीन गेल्या, आणि भिवजीची छाती चार बोटें फुगली.

परंतु एक चूक जाहली, आणि ती त्या दरबारच्या माणसासच व्हावी ऐसी. विडा दिला, पण सिगारेटीस तोंड कोठें कीं ती खाईल? आणि निरोपाचा विडा टाकणें म्हणजे अपशकुन. म्हणोन तो भिवजीच खाई. आणि दरबारी विडा म्हणजे पान, चुना, कात, सुपारी, आणि वर चिमूटभर तंबाखू. मग सोमवारचा विडा मंगळवारींही आठवूं लागला, मग बुधवारीं, आणि ज्येष्ठाची पौर्णिमा आली तों सिगारेटी राहिल्या चौदा आणि विडे जाहले दिवसास नऊ. त्या दिवशीं सगुणाबाई वडाच्या पूजेस हिरवें लुगडें नेसून निघाली, आणि अंगणांत तुळशीमागली भिंत पाहते तों लाल भडक! ती तशीच माघारी फिरली, आणि पूजेचें ताट भिवजीपुढें आदळून म्हणाली, "धनी, सात जन्म हाच नवरा दे म्हणोन वडास सांगावया चाललें होतें. आतां सांगूं कीं नको तें तुम्हीच बोला." भिवजी तोंडांतला विडा सांवरीत म्हणे, "अगे, पण सिगारेट दहांनीं घटली कीं!" ती म्हणाली, "घटली, आणि मागल्या दारानें नऊ विडे घरांत घेतले. जा, दरवाजांत जाऊन एकदां फुंकून पहा, मग मजपाशीं बोला."

भिवजी तणतणत गेला आणि आंतल्या उंबऱ्याशीं उभा राहून फुंकूं लागला. दम होता, पण तंबाखूनें ओठ ऐसे बधिर जाहले होते कीं तुतारी धरीनात, आणि सोळाव्या पावलाशीं सूर गळून पडला. आगींतून उठून फुफाट्यांत पडलों हें त्यास तेथेंच उमगलें. फार लाज वाटली. देवीस थोपवून धरणारे हेच आपले ओठ, ऐसें म्हणोन त्यानें स्वतःच्या थोबाडींत मारून घेतली. मग घरीं येऊन सगुणाबाईस म्हणे, "वडास सांग. मी सात जन्म पुरेन." आणि पुढले सहा सोमवार सिगारेटींची संख्या होती तेथेंच ठेवून नुसते विडे मोडण्यांत घालविले. ते सालीं आषाढ दोन आले, देवानेंच सवड दिली म्हणावयाची.

तेथोन पुढें सगुणाबाईनें विड्यांत लवंग आणि बडीशेप घातली, तंबाखूस घरबंदी केली, आणि म्हणाली, "विडा तुम्ही द्या, खाईन मी. इतकीं वर्षें तुमचा धूर खाल्ला, चाकरी माझीही जाहली आहे." मग खरें युद्ध सुरू जाहलें. जेवणाउपरची गेली तेव्हां भिवजी जेवण जाहलें तरी पानावरून उठेना. भांडणाची गेली तेव्हां त्यानें आठ दिवस कोणाशीं भांडणच काढिलें नाहीं, आणि इमामभाईस भय वाटलें कीं मित्र आजारी पडला. कधीं हात आपोआप कमरेच्या डबीकडे जाई, आणि भिवजी दुसऱ्या हातानें तो धरून आणी, जैसी ओढाळ गाय दाव्यानें आणावी. नित्य सकाळीं दरवाजांत जाई आणि पावलें मोजी. श्रावणांत अठरा भरलीं. भाद्रपदांत वीस. विसांवर आठ दिवस अडला, तरी एकही सिगारेट माघारी बोलाविली नाहीं.

दसऱ्याआधींच्या सोमवारीं शेवटली राहिली, पहाटेची. हिच्याच संगतीनें पहिली तुतारी वाजविली होती, बापाचे मातीहून परतल्यावर हीच ओढिली होती. तबकांत ठेविली तरी भिवजीच्यानें विडा उचलवेना. डोळ्यांस पाणी आलें. म्हणे, "बाई, तुझ्यावांचून उजाडेल कीं नाहीं ठाऊक नाहीं. पण देवी खोळंबली आहे." मग विडा दिला, तीन पावलें पोंचविली, आणि सगुणाबाईनें ती चुलींत घालून विडा तोंडांत घातला. मंगळवारीं उजाडलें.

मग विजयादशमी आली. झेंडूचे हार लागले, पालखी आंतल्या उंबऱ्याशीं आली, इमामभाईनें नगाऱ्यावर टिपरी घातली आणि भिवजीनें तुतारी उचलिली. पहिलें पाऊल पडलें. दहावें पडलें. पंधराव्याशीं भोयांचे पाय आपसुक कचरले, कां कीं मागल्या सालची सर्वांस आठवण होती, परंतु सूर हलला नाहीं. विसावें पडलें, एकविसावें पडलें, आणि भिवजीच्या मानेच्या शिरा दोरासारख्या तट्ट फुगल्या, आणि बावीस जाहलीं, आणि देवी उन्हांत आली. गडी थांबेना! तेविसावें, चोविसावें पाऊलही त्यानें फुंकिलें, आणि मगच तुतारी खालीं केली. लोकांनीं ऐसा गजर केला कीं हत्तीनेंही सोंड वर केली. सगुणाबाई बायकांत उभी राहून उघड रडत होती, आणि शेजारीण ह्या वेळीं हंसली नाहीं.

सोनें लुटून दरबार भरला. महाराज बहुत खुशी जाहले, भिवजीस जवळ बोलाविलें, शेला दिला, आणि हर्षाचे भरांत खाशा रुप्याच्या डबींतून आपली स्वतःची सिगारेट काढून त्याचे पुढें धरिली. ऐसा मान कारभाऱ्यांसही कधीं मिळाला नव्हता, आणि महाराजांचा हात परतविणें म्हणजे शिराशीं गांठ. भिवजीचे नाकाशीं तो ओळखीचा वास आला, आणि खोटें कां लिहावें, त्याचा हात अर्धा पुढें गेला. मग त्यानें दोन्हीं हात पाठीशीं बांधिले, लवून मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, हिला निरोपाचा विडा दिला आहे. निरोप दिल्या चाकरास पुन्हा ठेवणें या दरबारची रीत नाहीं."

महाराजांनीं कांडीकडे पाहिलें, भिवजीकडे पाहिलें, कांहीं बोलूं गेले तों त्यांसच खोकला आला, आणि तो लौकर थांबेना. थांबला तेव्हां त्यांनीं सिगारेट डबींत ठेविली, झांकण लाविलें, आणि हळूच विचारिलें, "किती दिवस लागले रे?"

"तीस सोमवार, महाराज."

"विडे कोण करितें?"

"आमचें घरांतलें."

"बरें. येत्या सोमवारीं एक पाठवून दे."

येणेंप्रमाणें चोवीस गेल्या, एकही परतली नाहीं, तुतारी भिंतीस न लागतां आठवे पिढीस पोंचली, आणि देवी त्या दरवाजांत पुन्हा कधीं थांबली नाहीं. सोमवारचा विडा वेळेवर वाड्यांत गेला. तो राणीसाहेबांनीं खाल्ला. लेखणी येथें टेकिली.