दीपगृहाचा व्हिसा

एका परदेशी दीपगृहाने उंबरखडीच्या माळावर राहून दुरून नोकरी करता यावी म्हणून डिजिटल नोमॅड व्हिसा मागितला. तो अर्ज शालन जगदाळे यांच्याकडे आला, कारण तालुक्याच्या कचेरीत परदेशी पाहुण्यांचं टेबल त्यांच्याकडे होतं. समुद्र उंबरखडीपासून इतका लांब की गावातल्या बऱ्याच लोकांनी तो फक्त टीव्हीवर पाहिलेला.

दीपगृह तात्पुरत्या परवान्यावर आधीच येऊन माळावर उभं होतं. शालनताई स्कूटरवरून मुलाखतीला गेल्या आणि पायथ्याशी सावली बघून बसल्या.

"इथेच का?" त्यांनी विचारलं.

"खाऱ्या पाण्यानं पाया पोखरलाय. इंजिनिअर म्हणाले, काही वर्षं कोरड्या हवेत काढा, नाहीतर पुढच्या वादळात उभे राहणार नाही."

"कोरडी हवा आमच्याकडे पाहिजे तेवढी आहे. दुसरं काही मागू नका म्हणजे झालं. आणि तिकडचं काम?"

"इथून करीन. बंदर कचेरीचा दाखला जोडलाय, उजेड तिकडे व्यवस्थित पोचतो म्हणून."

दाखला रीतसर होता. शालनताईंनी त्यावर टिकमार्क केला आणि मुख्य अट वाचून दाखवली: इथल्या लोकांचं कुठलंही काम करायचं नाही. त्याचीही अडचण नव्हती. तिकडे रात्र पडते तेव्हा आपल्याकडे दिवस, त्यामुळे दिवा लागायचा सकाळी अकराच्या सुमारास, रणरणत्या उन्हात. त्या उजेडाचा उंबरखडीत कोणाला काय उपयोग होणार?

तरी शालनताईंना ते दीपगृह मनापासून आवडलं. त्यांच्या कचेरीत माणसं अकराला येऊन आधी चहाला जात. हे अकराला दिवा लावायचं आणि रात्री अकरापर्यंत ढिम्म हलायचं नाही. इतकं सचोटीचं काम त्यांनी सरकारी नोकरीत पाहिलं नव्हतं, आणि हे त्या चारचौघांत बोलूनही दाखवत.

घोळ झाला तो बोराटे साहेबांच्या पाहणीत. बोराटे साहेब म्हणजे शालनताईंचे वरिष्ठ. नियमाला पक्के, जिभेला तिखट. भर दुपारी ते गावात शिरले तर अंगणं केरानं भरलेली. न्हावी दुकान बंद करून बसलेला. धुरपदाकाकू ओसरीवर होत्या, त्यांना साहेबांनी कारण विचारलं.

"दिवा लागलाय न्हवं," काकू म्हणाल्या. "दिवेलागणीनंतर केर काढत्यात व्हय?"

"अहो, दुपारचे दोन वाजलेत."

"वाजू द्या की. दिवा लागलाय का न्हाई, ते सांगा."

साहेबांना लागलाय म्हणावं लागलं. मग सगळंच बाहेर आलं. दिवा लागला की अख्खं गाव माळाकडे तोंड करून हात जोडायचं. त्यानंतर कोणी नखं कापत नव्हतं, शेजारणीला मीठ देत नव्हतं. लोक कोंबड्याही झाकायला लागले होते, आणि त्या कुरकुरत का होईना, झोपतही होत्या.

साहेबांनी शेरा मारला: 'अर्जदार गावात संध्याकाळ करतो. संध्याकाळ करणे हे स्थानिक काम आहे. मुक्कामभर दिवा बंद ठेवल्यास व्हिसा द्यावा, अन्यथा परत पाठवावे.'

हे सांगायला शालनताईंनाच जावं लागलं. परवाना दुसऱ्या दिवशी कचेरी सुटताना संपत होता.

दीपगृहानं शेरा ऐकून घेतला. मग म्हणालं, "तिथे माझ्याखाली खडक आहेत, बाई. रोज कोणीतरी त्या बाजूनं येतं."

"आणि परत गेलात तर तुमचा पाया?"

"आहे तोवर आहे. दिवा बंद ठेवून मिळणारा व्हिसा मला नको."

शालनताईंनी एवढे अर्जदार पाहिले, पण स्वतःच्या जिवापेक्षा कामाची काळजी करणारा हा पहिलाच. घरी येऊन त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि टिपण लिहायला घेतलं.

सकाळी साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं: 'दिवा तिकडचा आहे, म्हणून संध्याकाळही तिकडचीच आहे. ती उंबरखडीचे लोक पाळतात. म्हणजे अर्जदार स्थानिकांचे काम करत नाही. स्थानिक लोकच इथे बसून तिकडचे काम करतात, आणि त्याला आपल्या नियमात मनाई नाही.'

"पक्कं आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही करून शिक्का मारला. शालनताईंनी हात पुढे केला, तेवढ्यात उजेडाचा झोत खिडकीतून आत आला आणि भिंतीवरून सरकत गेला. अकरा वाजले होते. साहेबांनी कागद मागे घेतला.

"आता नको. दिवा लागलाय. आता घरातलं काही बाहेर द्यायचं नसतं."

"साहेब, मुदत आज संपते."

"मग त्यांना दोन मिनिटं दिवा बंद करायला सांगा. लगेच देतो."

शालनताईंनी फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"दोन मिनिटांत बोट खडकावर जाते," दीपगृह म्हणालं. "उद्या सकाळी द्या. चालेल."

साहेबांनी फोनकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि कागद कपाटात ठेवून कुलूप लावलं.

कचेरी सुटली तेव्हा दीपगृह बेकायदा झालं. बेकायदा परदेशी नागरिकावर पहारा बसवावा असा नियम आहे. शिपायाचं नाव पुढे आलं, ते साहेबांनी खोडलं आणि स्वतः माळावर गेले. पायथ्याशी चपला काढून ते मांडी घालून बसले. थोड्या वेळानं शालनताई डबा घेऊन पोचल्या, तेव्हा ते वर बघून बोलत होते.

"आज कोण येतंय?"

"मासेमारीची एक बोट. चार जण आहेत."

"येऊ द्या," बोराटे साहेब म्हणाले. "आम्ही आहोत इथं."