तळहाताची तार

काळूराम भोईर गिटार लावायला बसला, की आधी कानांत कापूस घालायचा.

चाळीचं म्हणणं असं, की त्याच्या वादनातला हा एकमेव समंजस भाग. तो वाजवायला लागला की आम्हीही घालायचो. भिवंडीत कापसाला काय तोटा!

ही सत्तरच्या दशकातली, भिवंडीतल्या टेमघरची गोष्ट. मी शाळामास्तर, संध्याकाळी पेटी वाजवायचो, आणि टेमघरात सूर कळणारा माणूस एकच, याबद्दल मला स्वतःला तरी शंका नव्हती. काळूदादा माझ्या भिंतीपलीकडे राहायचा. मूळचा दिघाशी गावचा. कारखान्यात चार लूम, म्हणजे यंत्रमाग, सांभाळायचा, बारा तासांची ड्युटी करून यायचा. गिटार त्याला भंगारवाल्याकडे मिळाली. "मेरे किस काम का ये बाजा? ले जा, बीवी को सुना," असं म्हणून भंगारवाल्याने ती गळ्यात मारली. त्याला ठाऊक नसावं, की चांगुणावहिनींना ऐकू येत नव्हतं. वीस वर्षं लूमच्या शेजारी बसून सुताच्या कांड्या भरल्या, त्या खडखडाटात कान गेले. मी त्यांच्याशी घसा फोडून बोलायचो आणि त्या शांतपणे हसायच्या.

तर कापूस घातला, की काळूदादा गिटार पोटाशी धरायचा, डावा तळवा तिच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि उजव्या हाताने खुंट्या पिळत बसायचा. पिळायचा म्हणजे सैल सोडायचा. तारा इतक्या ढिल्या, की वर कपडे वाळत घातले असते तर जमिनीला टेकले असते. आवाज यायचा तो डबक्यातून म्हैस उठल्यासारखा. सहाही तारा खर्जाच्या खाली कुठेतरी एकमेकींना खेटून घरंगळायच्या.

"हा कुठला सूर?" मी एकदा विचारलंच.

"ही तलहाताची," त्याने पहिली तार छेडली. "ही मनगटाची. ही कोपराची. ह्या दोन खांद्याच्या. आनि ही शेवटची बरगडीची. ही लय नाठाल हाय."

"काळूदादा, हे वाद्य आहे. हाडवैद्याचं दुकान नाही."

"कान लबाड हाय, मास्तर," तो म्हणाला. हे त्याचं ठरलेलं वाक्य. भाजी खारट झाली, मालक ओरडला, रेडिओवर गाणं लागलं, सगळ्याला हेच उत्तर.

मी कल्याणहून गिटारचं पुस्तक आणलं. त्याला दाखवलं, की सहा तारा लावायची एक रीत असते, आणि सगळ्या जगात तीच चालते.

"मंग जगाला सांगा, बदला म्हनावं," तो म्हणाला आणि बरगडीची तार आणखी अर्धा फेरा सोडली.

तारांची ही बैठक त्याने तीन वर्षं शोधली होती. एकेक खुंटी जागेवर आली, की तिला तो लाल धाग्याची गाठ मारायचा. लूमवर कुठलाही स्क्रू नीट बसला की तो असंच करायचा: गाठ हलली म्हणजे स्क्रू फिरला. गिटारच्या डोक्यावर अशा सहा गाठी, तेलकट, काळपट पडलेल्या. मला त्यांची किळस यायची.

मग चाळीची सत्यनारायणाची पूजा आली. संध्याकाळचा गाण्याचा कार्यक्रम मी ठरवलेला आणि आमचे मुख्याध्यापक येणार होते.

"मी बी वाजवनार," काळूदादाने जाहीर केलं. "आमची ही पुढं बसनार."

मुख्याध्यापकांसमोर म्हैस उठणार, या कल्पनेने मला जेवण जाईना. आता जे लिहितो आहे ते इतकी वर्षं मी कुणाला, बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही. ती दोघं आता नाहीत. मला जीभ फुटायला तेवढं व्हावं लागलं.

पूजेच्या दुपारी तो ड्युटीवर होता, वहिनी नळावर. दार उघडंच असायचं. मी गिटार उचलून घरी आणली, पेन्सिलीला टोक करायच्या ब्लेडने सहाही गाठी कापून टाकल्या, आणि पेटीवर सूर धरून, पुस्तकाबरहुकूम, तारा ओढून घेतल्या. तासभर लागला. काय गोड बोलली हो! मी गिटार जागेवर ठेवून आलो. पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

काळूदादा ड्युटीवरून थेट मांडवात आला. कानांत कापूस होताच. वहिनींनी गिटार आणून दिली आणि त्या त्याला खेटून बसल्या. त्याने डोळे मिटून तारांवरून हात फिरवला. स्वच्छ, ताठ, सुरेल आवाज निघाला. लोक चकित झाले. मुख्याध्यापक "वा!" म्हणाले. कुणीतरी "वन्समोर" ओरडलं. काळूदादाच्या आयुष्यातली ही पहिली टाळी. ती त्याला कापसापायी ऐकूच आली नाही.

मी मात्र वहिनींकडे पाहत होतो. त्यांनी उजवा तळवा गिटारच्या पाठीवर ठेवला होता. तो उचलला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. मग मनगट टेकवलं. मग कोपर. शेवटी कूस. आणि विझलेल्या चुलीपाशी बसावं तशा बसून, नवऱ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. न्हाय.

म्हणजे तीन वर्षं तो आमच्या कानांसाठी लावतच नव्हता.

"उंदरानं गाठी खाल्ल्या, मास्तर," दुसऱ्या दिवशी तो म्हणाला. "खुंट्या फिरल्या समद्या."

"उंदीर फार झालेत," मी म्हणालो आणि माझा पिंजरा त्याला दिला. पिंजऱ्यात दोन सापडलेही. ते बिचारे माझ्यापायी गेले.

पुढचे चार महिने तो पुन्हा शोधत होता. ड्युटीवरून यायचा, जेवणाच्या ताटाकडे न बघता खुंट्या सोडायचा, ओढायचा, वहिनींचा हात धरून लाकडावर ठेवायचा. "हाय?" "न्हाय." भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू यायचं. आणि एके संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "हाय. लागली!" त्याने चाळभर पेढे वाटले. मला दोन दिले.

माझ्यावरचं ओझं उतरलं. निदान तसं वाटलं. पण पेढा काही गोड लागेना. आठवड्याने एका दुपारी वहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. काळूदादा ड्युटीवर, आसपास कुणी नाही. मी समोर पायरीवर बसलो. आणि भेकडालाच सुचावी अशी युक्ती मला सुचली: ऐकू न येणाऱ्या माणसापाशी कबुली द्यायची. हळू आवाजात म्हणालो, "वहिनी, उंदीर नव्हता. गाठी मी कापल्या. तारा मी ओढल्या."

त्यांचा सुपातला हात थांबला.

लूमच्या खोलीत कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही; तिथे सगळे ओठ बघूनच बोलतात. भिवंडीत हे कुणालाही विचारा. चाळीत नाही कळलं ते फक्त मास्तरांना.

"म्हाईत हाय," वहिनी म्हणाल्या. "उंदीर काय ब्लेडनं कापतो?"

 मी म्हणालो, "पण आता लागली ना?"

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, तो येत तर नाही ना म्हणून.

"कुठली लागती! तो जेवत नव्हता, मास्तर. अंगावर मांस राहिलं नव्हतं. मंग मीच म्हनलं, लागली. आता रोज हात ठिवते, मान डोलवते. त्याचं तोंड बगून कलतं कुठं डोलवायची ती." त्यांनी सूप झटकलं. "तुमी काय बोलू नका त्याला."

मी बोललो नाही. गप्प राहणं मला चांगलंच जमायचं.