सदूमेस्त आणि विमानाचे पाय

सदूमेस्त कुणाच्याही घरी गेला की आधी खुर्ची दाबून बघायचा. दोन्ही तळवे टेकून खाली जोर द्यायचा, सोडायचा आणि ती किती वर येते ते मान वाकडी करून पाहायचा. माझ्या लग्नात त्याने नवरानवरीचा सोफासुद्धा दाबला आणि मांडववाल्याला सुनावलं, "दाबल्यार वयर येवंक जाय." दाबलं की वर यायला हवं. त्याच्या बोलण्यात असा अधिकार होता, की मांडववाल्याने मुकाट्याने सोफा बदलून दिला.

गोव्यातल्या पाळीच्या खाणीवर तो वर्कशॉपचा मेस्त, म्हणजे मुख्य कारागीर. मी सावंतवाडीहून येऊन तिथलंच स्टोअर सांभाळायचो. डंपरचे जॅक हे त्याचं राज्य. पण तेलाचा डबा तो माझ्या शब्दावर कधी घेत नसे. झाकण उघडून वास घ्यायचा, थेंब बोटावर चोळायचा, मग मला लेबल वाचायला लावायचा. मी चिडून विचारायचो, लेबल काय रोज बदलतं का? तो म्हणायचा, "लेबल बदलना. हात चुकता."

दर रविवारी सकाळी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम पाव घेऊन तो डिचोलीला कायतानबाबकडे जायचा. कायतानबाब म्हणजे खाणमालकाच्या जुन्या, दोन माणसांच्या विमानाचा वैमानिक. सड्यावर, खाणीजवळच्या सपाट कातळावर, मालकाची छोटी धावपट्टी होती. अकरा वर्षांपूर्वी तिथे उतरताना ते विमान असं आदळलं, की कायतानबाबची पाठ कायमची गेली. विमान शेडमध्ये गेलं आणि कायतानबाब खिडकीजवळच्या पलंगावर. सदूमेस्त पाव ठेवायचा, पलंगाच्या स्प्रिंगा दाबून बघायचा आणि उभ्या उभ्याच निघायचा. चहा नाही, बसणं नाही. मला हे कोडं काही सुटेना.

गोवा राज्य झालं त्याला एकदोन वर्षं झाली असतील. मराठी की कोकणी यावर आमच्या कँटीनमध्ये अजून चहा थंड होत होता. तेव्हा मालकाच्या मुलाला शेडमधलं विमान आठवलं. कुणा हौशी माणसाला ते द्यायचं होतं, पण चाकांचे दोन्ही पाय जाम. सदूमेस्तला बोलावणं आलं. आम्हाला वाटलं, स्वारी खूष होईल, पण त्याचं तोंडच उतरलं.

मी मदतीला गेलो, म्हणजे खरं तर बघायला. विमानाचा पाय म्हणजे नळीत नळी, आत तेल आणि कोंडलेली हवा. चाक टेकलं की आतली नळी वर सरकून धक्का गिळते. सदूमेस्तने विमान लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. आधी हवा सोडायची, नाहीतर नळी थेट तोंडावर येते, हे मला तीनदा ऐकवलं. नळ्या काही हलेनात. चार दिवस डिझेलमध्ये बुडवून, हलक्या हाताने ठोकून, पाचव्या दिवशी एक सुटली. आतल्या रबरी रिंगा भिजवलेल्या वालांसारख्या फुगल्या होत्या. त्याने एक नाकाशी नेली आणि तिथेच खाली बसला.

"हें डंपराच्या ब्रेकाचें तेल," तो म्हणाला. "म्हजेच हातान घाल्लां."

विमानाचं लाल तेल मुंबईहून यायचं. अपघाताच्या आधी ते संपलं होतं, आणि तेल ते तेल, म्हणून यानेच वर्कशॉपमधलं ओतलं होतं. त्या तेलाने रबर फुगतं आणि नळी अडकते, हे पुढे एका जॅकवर त्याला कळलं. इतकी वर्षं नुसता संशय होता, आता रिंग हातात होती. कायतानबाबला सांगितलं तर ते दार बंद होणार. स्वतःची बायको गेल्यावर सदूमेस्तला जायला तेवढंच एक दार उरलं होतं. हे ऐकल्यावर त्याच्या वास घेण्यावर आणि दाबून बघण्यावर आजवर केलेल्या थट्टेची मला लाज वाटली.

लाल तेल आलं, नव्या रिंगा आल्या. त्याने नळ्या घासून लख्ख केल्या, पाय बसवले आणि पंखाच्या मुळाशी जोर दिला. विमान खाली बसलं आणि सावकाश वर आलं. मी टाळ्या वाजवल्या, तो हात पुसत राहिला.

रविवारी त्याने मला बरोबर नेलं. पाव ठेवले, फुगलेली रिंग कायतानबाबच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. म्हातारा रिंग बोटांत फिरवत राहिला.

"म्हाका खबर आशिल्लें," तो म्हणाला. "आदळलें त्याच दिसा तेल गळटालें. डंपराच्या तेलाचो वास आयिल्लो."

"मागीर तुमी सांगलें ना कित्याक?" का नाही सांगितलंत, असं सदूमेस्तने विचारलं.

"सांगिल्लें जाल्यार तूं लजेन येवपाचो बंद जातलो आशिल्लो. आयतारा म्हजेकडे आनीक कोण येता?" रविवारी त्याच्याकडेही दुसरं कुणी येत नव्हतं.

पलंग न दाबताच सदूमेस्त त्याच्या कडेला बसला, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मी चहा करायला आत गेलो. फळीवर दोनच कप होते. एकाच्या तळाला चहाचे जुने डाग होते. दुसरा कोरा होता, पण धूळ पुसून ठेवलेला. मी कोऱ्या कपात सदूमेस्तचा चहा ओतला आणि माझा पेल्यात.