मोराचा डोळा

"मुलगी चांगली आहे हो, पण हिच्या मोराला डोळा नाही."

मुलाच्या मावशी हे मुलाच्या आईच्या कानात बोलल्या. आईंना ऐकायला कमी येत असावं, कारण मावशींची कुजबूज आमच्या कॉलनीतल्या पलीकडच्या क्वार्टरपर्यंत गेली असेल. मी पोह्यांच्या बशांचा ट्रे धरून दारात उभी होते. मोर समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत. माझ्या आईनं माझ्याकडे जे पाहिलं, ते इथं लिहीत नाही.

मोर मी भरलेला. पण त्याला डोळा नसणं ही करणी आमच्या राधाबाईंची.

राधाबाईंचा भरतकामाचा वर्ग चिंचवड गावात, त्यांच्या घराच्या ओसरीवर भरायचा. नवरा शिंपी होता. तो गेल्यावर त्याची कात्री खुंटीला राहिली आणि बाईंनी सुई धरली. मुलगी दाखवायची तर भिंतीवर तिच्या हातचं काहीतरी लागायचं, आणि प्रत्येकीला मोरच हवा असायचा. वडिलांना पिंपरीच्या कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून कॉलनीत राहायला आलो. कॉन्व्हेंटनं मला इंग्रजी कविता शिकवल्या होत्या, बटण लावायला नाही. म्हणून आईनं मला बाईंकडे धाडलं. शिकायला गेले आणि वर्षभरात वर्ग चालवू लागले.

"तू बोलत न्हाईस," बाई म्हणाल्या. "बोलनाऱ्या पोरींचा दोरा गुततो."

न बोलणारीला त्यांनी काम मात्र बोलण्याचंच दिलं. कार्बननं कापडावर मोर उतरवणं, दोऱ्यांचा कचरा झाडणं हे होतंच. खरी नोकरी मुलींच्या आयांना तोंड देण्याची.

बाईंचं सगळं शिकवणं दोन वाक्यांत मावायचं. पहिलं, "उसव." कापड हातात घेतलं की त्या आधी उलटी बाजू बघायच्या. तिथं दोऱ्याची गिचमिड दिसली की, "उसव." त्या कलेक्टरकडे चहाला गेल्या असत्या, तरी आधी टेबलक्लॉथ उलटून पाहिला असता. दुसरं वाक्य, "डोळा मागनं." तुरा, मान, पिसारा, सगळं शिकवायच्या, डोळ्याचा टाका कुणालाच नाही. लग्न ठरलं की मुलगी पाया पडायला यायची. बाई तिची ओटी भरायच्या आणि सांगायच्या, "पंचमीला म्हायेरी येशील, तवा हितं ये. डोळा शिकवते." नागपंचमीला सुई धरायची नसते, म्हणून दुसरा दिवस ठरलेला.

आयांना हे पटवायचं कसं? तळवड्याच्या हौसाची आई एकदा थेट ओसरीवर चढली.

"बाई, मोर आंधळा हाय म्हन्त्यात पावनं."

"आंधळा न्हाई. निजलाय."

"मंग उठवा की त्याला! पोरीची सोयरीक मोडंल."

"मोरावर मोडनारी सोयरीक व्हय? मोडू दे."

हौसाची सोयरीक टिकली, कारण तिच्या आईनं डोळ्याच्या जागी सदऱ्याचं बटण शिवलं. दुसऱ्या एकीनं काजळ लावलं होतं. ते उन्हाळ्यात पसरलं आणि मोर पाहुण्यांसमोर रडताना दिसला.

असला वर्ग चालवून माणूस दमतो. आयांना टाका नको असतो, मोर हवा असतो, हे मला लवकर कळलं. ते बाईंना सांगता येत नाही, हेही कळलं. वर्गाची जाहिरात म्हणजे दुसऱ्याच्या घरची भिंत, आणि आमची जाहिरात गावोगाव डोळ्याविना टांगलेली. एखादीचा हात बसला, की तिचं लग्न ठरायचं. बाकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की अर्ध्या टाक्यावर उठायच्या, कारण वडील शिफ्टवरून घरी यायचे. त्यात निर्वासितांच्या कॅम्पात मशीनवरच्या भरतकामाचा वर्ग निघाला. तिथं महिन्याभरात मोर, तोही डोळ्यासकट. आमच्या चटया एकेक करून गुंडाळल्या गेल्या.

खूप दिवस धीर गोळा करून मी विचारलं, "बाई, डोळा आधीच शिकवला तर?"

"उसव," त्या म्हणाल्या. माझ्या हातात काहीही नव्हतं.

यंदा श्रावणात आईनं बजावलं, "रविवारी तुला बघायला माणसं येणार आहेत. डोळा घेऊन ये, नाहीतर तो वर्ग सोड." पंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी पिशवीत मोर घालून गेले. वर्गाला सुट्टी होती. दार बंद असेल वाटलं होतं.

दार उघडं होतं. गुंडाळलेल्या सगळ्या चटया ओसरीवर अंथरलेल्या. प्रत्येक चटईवर फडक्याला टोचलेली सुई, तिच्यात काळं रेशीम ओवलेलं. परातीत पुरणाची दिंडं झाकलेली. बाई ठेवणीतलं लुगडं नेसून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या.

"कोन, हौसा?"

"मी आहे, बाई."

"तू व्हय. बस. येत्याल आता. मागल्या साली पाऊस व्हता, म्हनून न्हाई आल्या. त्येच्या आदी..." पुढचं त्यांना आठवलं नाही, किंवा आठवलं.

थोड्या वेळानं रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. पुढं नवरा, मागं हौसा, मांडीवर माहेरचं गाठोडं. तिनं ओसरीकडे पाहिलं, अर्धवट उठलीसुद्धा. मग नवऱ्याच्या पाठीकडे पाहून खाली बसली.

"तिचा काय बी दोस न्हाई," बाई म्हणाल्या. "गाडी तिची थोडीच हाय." त्यांनी जवळची सुई उचलली. "आन तुझा मोर. रविवारी पावनं हायेत न्हवं? घालू डोळा."

इतक्या वर्षांत हे त्या कुणालाच म्हणाल्या नव्हत्या. मी पिशवी पाठीमागे सरकवली.

"घरी विसरले."

पिशवीतून मोराचं शेपूट बाहेर आलं होतं. बाईंनी ते पाहिलं. माझ्यासमोर दिंडं ठेवली आणि चटयांवरच्या सुया एकेक करून काढू लागल्या.

तर, रविवार. मावशींची कुजबूज संपली होती आणि त्या आता मोठ्यानं विचारत होत्या, "काय गं, अर्धवटच टांगलास?"

"राहिलंय हो तेवढं," आई घाईनं म्हणाली, "उद्याच..."

मुलानं प्रथमच मान वर केली. मी ट्रे टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"मोर पुरा आहे," मी म्हणाले. "डोळा घालायला मला पंचमीच्या दुसऱ्या दिवशी बाईंकडे यायचंय. लग्नानंतर. तेवढं माहेरी पाठवणार असाल, तर पोहे घ्या."