कोऱ्या बाटलीतला मासा

सूनबाईंनी फ्रिजमधली भाजी काढून तिथे चार बाटल्या मांडल्या, तेव्हाच सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडली. तीन बाटल्यांत तळ्याचं पाणी होतं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव आपला डीएनए तिथे सोडतो, आणि पाणी गाळून तो ओळखायचा ही सूनबाईंची नोकरी. एका दुर्मीळ माशाचा पुरावा मिळाला तर तळं वाचणार होतं, नाहीतर ते बुजवून तिथे गाड्या लावायची सोय होणार होती. चौथी बाटली कोरी, म्हणजे निव्वळ शुद्ध पाण्याची. तिच्यात काही सापडलं, तर हाताळताना घोळ झाला असं धरून सगळी तपासणी बाद.

हे सासऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुपारच्या गोळीसाठी त्यांनी त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणारी बाटली घटाघटा रिकामी केली आणि मग शेजारच्या बाटल्यांवर तळ्याचं नाव वाचून त्यांची पाचावर धारण बसली. नळाचं पाणी भरून ठेवणं सोपं होतं, पण माणूस प्रामाणिक. भर उन्हात सायकल हाणत ते तळ्यावर गेले, वीस वर्षं जिथे गुपचूप गळ टाकत होते तिथे बाटली बुडवली आणि मुकाट्याने फ्रिजमध्ये ठेवून दिली. तिथलं पाणी इतकं नितळ की कुणाला शंकाही आली नाही.

आठवड्याने सूनबाई डोकं धरून बसल्या.

"तिन्ही बाटल्यांत नुसते बेडूक, बाबा. आणि कोऱ्या बाटलीत तो मासा. शुद्ध पाण्यात मासा येईलच कुठून?"

"कोरी म्हणजे?" सासऱ्यांनी जपून विचारलं.

अर्थ कळल्यावर त्यांनी चाचरत सगळं कबूल केलं. आता बोलणी बसणार म्हणून त्यांनी मान खाली घातली, तर सूनबाई टुणकन उठल्या.

"कुठे भरलीत ती? आत्ताच्या आत्ता दाखवा."

"ते नाही जमायचं. ती जागा मी सख्ख्या भावालाही सांगितली नाही."

"तळं बुजलं तर जागा राहील का?"

सासऱ्यांनी नाइलाजाने सायकल बाहेर काढली. "बरं, चल. पण डोळे मिटून बसायचं."

सायकलच्या मागे डोळे मिटून, बाटल्या कवटाळून सूनबाई निघाल्या. दोघं सायकलसकट दोनदा झुडपात गेली, पण नमुने नीट आले आणि अहवालासाठी जागेची नोंदही झाली. मासा सिद्ध झाला, तळं वाचलं. आनंदाच्या भरात सासरे ही बातमी सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटले.

पुढच्याच आठवड्यात सरकारी फलक लागला, नेमका त्या जागी: ‘दुर्मीळ मासा येथे आढळतो. गळ टाकण्यास सक्त मनाई.’

त्यामुळे यच्चयावत गळवाल्यांना जागा कळली. आता त्यांना हाकलायला सासरे रोज सकाळी शिट्टी घेऊन तिथे बसतात.